हदगावचा मुद्देमाल

शिवारात खून झाला की ठाण्याला पहिली खबर बहुधा पोलीस पाटलाकडून मिळते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली त्याला नेमतो महसूल विभाग आणि राबवून घेतात पोलीस. नांदेड जिल्ह्यातले हदगाव असो, तामसा असो की मनाठा, हदगाव तालुक्यातल्या कुठल्याही ठाण्यातून निघालेल्या फौजदारी प्रकरणाला पुढेही असेच वेगवेगळ्या खात्यांचे लोक भेटत जातात. एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालत नाही, तरी काम मात्र एकाच कागदावर करायचे असते.

तो कागद म्हणजे पंचनामा. रक्ताने माखलेली माती, कुऱ्हाड, मयताचा सदरा, सगळे दोन पंचांसमोर जप्त होते. पुडक्यावर पंचांच्या सहीची चिठ्ठी आणि लाखेचे सील. गावातले पंच पुढे कोर्टात फितूर होतात, म्हणून गंभीर गुन्ह्यांत आता सरकारी कर्मचाऱ्यांना पंच घेतात. तलाठ्याच्या नशिबी हे काम हमखास येते. पुढे बदली होऊन तो किनवटला गेला, तरी समन्स त्याला शोधत जाते.

शवविच्छेदन करणारा डॉक्टर आरोग्य खात्याचा. विषाचा संशय असला तर तो व्हिसेरा बरण्यांत भरून, सील करून पोलिसांच्या हवाली करतो. ठाण्यात मुद्देमाल कारकून नोंदवहीत क्रमांक टाकतो आणि एक शिपाई पुडकी घेऊन साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नांदेडला, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. प्रयोगशाळाही गृह विभागाचीच, पण पोलीस अधीक्षकांच्या ताब्यातली नाही. तिथे पुडक्यासोबतच्या पत्रातला सीलचा नमुना आणि पुडक्यावरचे सील ताडून पाहतात. मालखान्यातून पुडके कधी निघाले, कोणी नेले, कोणाला दिले, यातली एक नोंद जरी हुकली तरी वर्षभराने बचावाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. म्हणून या सगळ्या यंत्रणेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुडके नेणारा शिपाई. वर्तमानपत्रात त्याचे नाव कधीच येत नाही.

तिकडे घड्याळ चालूच असते. अटकेपासून चोवीस तासांत आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. मग पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट तोवर आला नाही, तर त्याच्यावाचूनच दोषारोपपत्र पाठवायचे आणि रिपोर्ट मागाहून जोडायचा. खुनाचा खटला तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना चालवता येत नाही. ते तो सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात.

खटला चालवणारा सरकारी वकीलही पोलिसांचा नोकर नाही. महाराष्ट्रात खालच्या कोर्टातले अभियोक्ते एकेकाळी पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली होते. शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली त्यांना त्यातून मोकळे करायला सांगितले. तपास करणाऱ्यानेच पुरावा पुरेसा आहे की नाही हे ठरवू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण तपासी अंमलदाराची बदली झालेली, वकिलाच्या हाती फाईल आदल्या दिवशी पडलेली आणि मधले सगळे धागे पोलिसांच्या कोर्टातल्या पैरवी अंमलदाराने एकट्याने धरलेले, हेही त्याच वेगळेपणाचे फळ.

हदगावला आणखी एक भानगड आहे ती पैनगंगेची. नदीपलीकडे उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा. पोलीस परिक्षेत्र नांदेडऐवजी अमरावती, उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादऐवजी नागपूर. आरोपीला पूल ओलांडायला पाच मिनिटे पुरतात. त्याच्यामागे गेलेले पथक मात्र आधी तिथल्या ठाण्यात नोंद करते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती-जप्तीचे चित्रण आता बंधनकारक आहे आणि ई-साक्ष्य ॲपवर ते थेट मोबाईलवरून चढवता येते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचे आहे. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. पोलीस, न्यायालय, तुरुंग, प्रयोगशाळा आणि अभियोग यांच्या संगणकांना जोडणारी आयसीजेएस प्रणालीही आहे. तिच्यामुळे एफआयआर आणि दोषारोपपत्र पडद्यावरून कोर्टात पोचेल. कुऱ्हाड आणि व्हिसेराच्या बरण्या मात्र अजून शिपायालाच नांदेडला न्याव्या लागतात, आणि सील जुळले नाही तर तशाच परत आणाव्या लागतात.