मदरबोर्ड घेताना पैसा कुठे वाचवावा?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक मागणी सुरू होते, "बाबा, गेम चालतील असा कॉम्प्युटर घ्या!" मग भिशीचे पैसे मोजले जातात, नाहीतर सोसायटीच्या कर्जाचा अर्ज भरला जातो. "गेम कशाला हवेत?" म्हणून मुलांवर रागावू नये. त्याच यंत्रावर मुलगी प्रोग्रॅमिंग शिकते, मुलगा व्हिडिओ जुळवायला शिकतो. मात्र पैसा घामाचा आहे, तो डोळसपणे खर्च झाला पाहिजे.

दुकानात भुरळ पडते ती मदरबोर्डची. रंगीत दिवे, चकचकीत पत्रे, मोठा खोका! पण मदरबोर्ड हा सगळे भाग एकत्र जोडणारा पाया आहे. गेमचा वेग ठरतो तो मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांवर. महागडा बोर्ड घेतल्याने गेम जोरात पळत नाही. म्हणून बोर्ड साधा पण भक्कम घ्यावा आणि वाचलेला पैसा कार्डात घालावा.

आधी प्रोसेसर ठरवा, बोर्ड नंतर. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटचा मेळ जमलाच पाहिजे. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ साली आले. ते २०२७ पर्यंत व त्यानंतरही चालू ठेवू, असे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे पुढे बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल. रायझेन ५ ७६०० सारख्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला ए६२० चिपसेटचा चांगला बोर्ड पुरतो. थोडी ऐपत असेल तर बी६५० घ्यावा. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० सॉकेट लागते. तिथे बी७६० हा मधला मार्ग आहे. एच६१० स्वस्त खरा, पण त्यात मेमरीच्या खाचा दोनच असतात.

मेमरीकडे नीट लक्ष द्या. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले. घरात जुनी डीडीआर४ मेमरी असेल तर ती चालणारा बी७६० बोर्ड किंवा जुन्या एएम४ सॉकेटचा बी५५० बोर्ड परवडेल. मात्र या दोन्ही सॉकेटची पुढची वाट जवळपास संपली आहे, हे जाणून घ्यावे.

बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग असतो, त्याला व्हीआरएम म्हणतात. त्याच्यावर ॲल्युमिनियमचे जाड पत्रे हवेत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे हे विशेष पाहावे. दिव्यांवर खर्च करण्यापेक्षा इथे करावा.

पैसे एकदम जमत नसतील तर टप्प्याने घ्या. रायझेन ५ ७६०० मध्ये साधे चित्र दाखवण्याची सोय आहे. अभ्यास त्यावर सुरू होईल, कार्ड दिवाळीच्या बोनसवर घ्यावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे त्यात ही सोय नसते. कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील!

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गावच्या दुकानात, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. खोका दुकानदारासमोर उघडा. एएम५ आणि एलजीए १७०० मध्ये बारीक पिना बोर्डावरच असतात. एखादी वाकलेली असेल तर वॉरंटी सहसा नाकारली जाते. नवा प्रोसेसर आणि जुना बोर्ड घेत असाल तर बायोस अद्ययावत आहे का, ते विचारा. जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर बोर्डचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी किती वर्षांची, हेही विचारा.

खरेदीला मुलामुलींना बरोबर न्या. कागदावर यादी त्यांनाच करू द्या. कोणता भाग का घेतला, हे त्यांच्याकडून समजून घ्या. दुकानदार सांगेल ते मुकाट्याने घेऊन येऊ नका.