घरगुती नळव्यवस्थेतील कमी दाब व गाळ

घरगुती नळाला पाणी कमी दाबाने येणे हा बहुधा टाकीच्या अपुऱ्या उंचीचा किंवा नळवाहिनीत साचलेल्या गाळाचा परिणाम असतो. अहिल्यानगर शहराच्या सावेडी उपनगराला मुळा धरणाचे पाणी मिळते. घरोघरी ते टाक्यांत साठवले जात असल्याने गाळही तेथेच बसतो.

कारणे
पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब निर्माण होतो. त्यामुळे टाकीपासून ३ मीटर खालच्या नळाला सुमारे ०.३ किलोग्रॅमच दाब मिळतो. वरच्या मजल्यावरील मंद धार हा दोष असेलच असे नाही. गाळाचे मूळ त्याच्या रंगावरून ओळखता येते. मातकट गाळ बहुधा पावसाळी पाण्यातील, तांबूस कण लोखंडी नळांच्या गंजाचे, तर पांढरा थर कूपनलिकेच्या दुष्फेन पाण्यातील क्षारांचा असतो.

दोषशोधन
एकाच नळाची धार मंद असल्यास त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. केवळ गरम पाणी मंद येत असल्यास गिझरमधील क्षार तपासावेत. सर्वच नळ मंदावल्यास टाकीचा तळ, मुख्य झडप व वाहिनीत अडकलेली हवा तपासावी.

दक्षता
दाब वाढवण्यासाठी सार्वजनिक वाहिनीला थेट विद्युतपंप जोडू नये. त्याच्या ओढीने गळक्या सांध्यांतून सांडपाणी आत शिरू शकते, तसेच शेजाऱ्यांचे पाणीही कमी होते.