घोड्यांचे लसीकरण

घोड्यांचे लसीकरण म्हणजे घोडे, तट्टे व शिंगरे यांना संसर्गजन्य रोगांपासून संरक्षण मिळावे म्हणून ठरावीक अंतराने लस टोचण्याची पद्धत होय. धनुर्वात, अश्व इन्फ्लुएंझा, रेबीज आणि अश्व नागीण विषाणूचा संसर्ग या रोगांवरील लसी विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात. एकदा टोचलेली लस घोड्याला आयुष्यभर पुरत नाही. त्यामुळे लस टोचण्याइतकेच तिच्या मात्रांमधील अंतर पाळणे आणि त्यांची नोंद ठेवणे आवश्यक असते.

कार्यपद्धती

लसीच्या पहिल्या मात्रेमुळे शरीराला रोगकारकाची ओळख होते, परंतु निर्माण होणारी प्रतिपिंडे बहुधा अपुरी व अल्पजीवी असतात. चार ते सहा आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली असता प्रतिपिंडांचे प्रमाण झपाट्याने वाढते. या मात्रांना एकत्रितपणे प्राथमिक क्रम म्हणतात. कालांतराने प्रतिपिंडे घटत जातात, म्हणून पुढे नियमित वर्धक मात्रा द्याव्या लागतात.

घोडीच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे मिळत नाहीत. शिंगराला ती जन्मानंतर पहिल्या काही तासांत प्यालेल्या चिकातूनच मिळतात. या कारणास्तव गाभण घोडीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे वर्धक मात्रा देतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे शिंगराच्या स्वतःच्या लसीचा परिणाम कमी करतात. म्हणून लस टोचलेल्या घोडीच्या शिंगराचे लसीकरण साधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरू केले जाते.

प्रमुख रोग

धनुर्वात : या रोगाचे जिवाणू बीजाणूंच्या रूपाने माती व लिदीत दीर्घकाळ टिकून राहतात. खुरात शिरलेला खिळा, नाल ठोकताना झालेली जखम, खच्चीकरणाची जखम किंवा नवजात शिंगराची नाळ यांतून ते शरीरात प्रवेश करतात. पाळीव प्राण्यांमध्ये घोडा या रोगाला सर्वाधिक बळी पडतो. जबडा आवळला जाणे, डोळ्यातील तिसरी पापणी पुढे येणे व पाय ताठ होणे ही त्याची लक्षणे असून बाधित घोड्यांपैकी बरेच दगावतात. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंच्या विषाचा घातकपणा फॉर्माल्डिहाइड व उष्णतेने नाहीसा करून लस तयार करण्याचे तंत्र विकसित केले. प्राथमिक क्रमानंतर ही लस दरवर्षी देतात. शेवटच्या मात्रेला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असताना जखम झाली किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर त्याच वेळी आणखी एक मात्रा देतात.

अश्व इन्फ्लुएंझा : हा विषाणुजन्य श्वसनरोग खोकला, हवा व दूषित साहित्य यांद्वारे वेगाने पसरतो. १८७२ मध्ये टोरांटो परिसरातून पसरलेल्या साथीमुळे उत्तर अमेरिकेतील अनेक शहरांची घोड्यांवर अवलंबून असलेली वाहतूक ठप्प झाली होती. सध्या आढळणारा एच३एन८ हा उपप्रकार १९६३ मध्ये मायामी येथे प्रथम वेगळा करण्यात आला. हा विषाणू हळूहळू बदलत असल्याने लसीतील विषाणूही वेळोवेळी बदलावे लागतात. या लसीपासून मिळणारे संरक्षण तुलनेने अल्पकाळ टिकते. म्हणून प्राथमिक क्रमात तिसरी मात्राही देतात आणि त्यानंतर धोक्यानुसार सहा ते बारा महिन्यांनी वर्धक मात्रा देतात.

रेबीज : पिसाळलेला कुत्रा किंवा वन्य प्राणी चावल्यास घोड्याला रेबीज होतो. लक्षणे दिसू लागल्यावर यावर कोणताही उपचार नाही, तसेच घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसालाही संसर्गाचा धोका असतो. भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या प्रदेशांत वार्षिक लसीकरण महत्त्वाचे ठरते.

अश्व नागीण विषाणू : यामुळे श्वसनरोग, गर्भपात आणि क्वचित पक्षाघात होतो. गर्भपात टाळण्यासाठी गाभण घोडीला पाचव्या, सातव्या व नवव्या महिन्यात लस देतात.

खंड आणि नोंदी

वर्धक मात्रा दीर्घकाळ चुकल्यास घोडा संरक्षित आहे असे गृहीत धरता येत नाही. ज्याच्या पूर्वीच्या लसीकरणाची माहिती उपलब्ध नाही, असा घोडा लस न टोचलेला समजून त्याचा प्राथमिक क्रम नव्याने केला जातो. बाजारात खरेदी केलेल्या घोड्यांबाबत हा प्रश्न वारंवार उद्भवतो. नोंदीमध्ये लसीचे नाव, गट क्रमांक, दिनांक आणि पशुवैद्यकाची स्वाक्षरी असावी लागते. नोंद त्याच घोड्याची आहे हे अंगावरील खुणांच्या आकृतीवरून किंवा मायक्रोचिपवरून पडताळतात.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांमध्ये सहभागी होणाऱ्या घोड्याला मागील सहा महिने व २१ दिवसांच्या आत इन्फ्लुएंझाची लस दिलेली असणे बंधनकारक आहे. स्पर्धास्थळी पोहोचण्यापूर्वीच्या सात दिवसांत मात्र लस देता येत नाही.

मर्यादा

लस टोचलेला घोडाही काही वेळा सौम्य लक्षणांसह किंवा लक्षणांविना विषाणू पसरवू शकतो. ऑस्ट्रेलिया हा देश २००७ पर्यंत अश्व इन्फ्लुएंझापासून मुक्त होता. त्या वर्षी आयात घोड्यांसोबत आलेला विषाणू विलगीकरण केंद्राबाहेर पोहोचला आणि न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड या राज्यांत मोठी साथ पसरली. घोड्यांच्या वाहतुकीवर बंदी व लसीकरण यांच्या साहाय्याने ती आटोक्यात आणण्यात आली. यावरून लसीकरण हे नव्या घोड्याला काही काळ वेगळे ठेवणे, ताप मोजणे व स्वच्छता यांना पर्याय ठरत नाही, हे स्पष्ट होते.

लस टोचलेल्या जागी सूज येणे, एक-दोन दिवस ताप वा सुस्ती राहणे हे सामान्य परिणाम आहेत. तीव्र अधिहर्षता क्वचितच आढळते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात साठवाव्या लागतात. ग्लँडर्स, सर्रा आणि अश्व संसर्गजन्य रक्तक्षय या रोगांवर घोड्यांसाठी प्रचलित लस उपलब्ध नाही. त्यांच्या नियंत्रणासाठी तपासणी व विलगीकरण आणि रोगानुसार उपचार किंवा बाधित जनावरे नष्ट करणे या उपायांवर अवलंबून राहावे लागते.

भारतातील स्थिती

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ३.४ लाख घोडे व तट्टे होती. शर्यतीच्या व लष्करी घोड्यांना नियमित पशुवैद्यकीय सेवा मिळते. याउलट टांगा, पर्यटन, यात्रा व वरातीसाठी वापरल्या जाणाऱ्या घोड्यांचे लसीकरण बहुतांशी मालकाच्या ऐपतीवर आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यावर अवलंबून असते. अशा कुटुंबाची उपजीविका पुष्कळदा एक-दोन जनावरांवर चालते. त्यामुळे धनुर्वाताने दगावलेला किंवा इन्फ्लुएंझामुळे अनेक आठवडे कामाबाहेर गेलेला घोडा म्हणजे त्यांच्यासाठी थेट उत्पन्नाची हानी असते.

भारतात १९८७ मध्ये आणि २००८-०९ मध्ये अश्व इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथी आल्या. दुसऱ्या साथीची पहिली नोंद जम्मूतील कटरा येथे झाली. वैष्णोदेवीच्या यात्रेमुळे तेथे घोडे व खेचरे मोठ्या संख्येने एकत्र असतात. महाराष्ट्रात माथेरान व महाबळेश्वर येथील पर्यटन आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार ही घोडे एकत्र येण्याची ठिकाणे आहेत. अशा ठिकाणी नेण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी मात्रा पूर्ण झालेली असल्यास प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास अवधी मिळतो. हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने अश्व इन्फ्लुएंझा व अश्व नागीण विषाणूवरील देशी लसी विकसित केल्या आहेत.