निलंग्याहून काय न्यावें?

प्रवासाहून परतलेल्या माणसाची पेटी उघडली कीं एकत्र कुटुंबांतील लहानथोर मंडळी भोंवतीं गोळा होतात. तींतून जें बाहेर पडतें तें अलीकडे बहुधा कोठेंही मिळणारें असतें. महाबळेश्वराहून आणलेली किल्ल्यांची साखळी आणि तिरुपतीहून आणलेली साखळी, ह्यांत वर छापलेल्या अक्षरांखेरीज भेद तो कोणता? आमच्या वाडवडिलांची रीत ह्याहून शहाणपणाची होती. काशीहून गंगेचा गडू येई, कारण मावंद्यास तो लागे. पंढरपुराहून बुक्का नि तुळशीची माळ, तुळजापुराहून कवड्यांची माळ. वस्तु त्या गांवची असे आणि घरांत तिला कांहीं काम असे. ह्या दोन कसोट्यांस न उतरणाऱ्या वस्तूवर पैसा खर्चूं नये, असें आमचें मत आहे.

मराठवाड्यांत आजोळ असलेलीं कितीतरी कुटुंबें आज पुण्यामुंबईस राहतात. निलंग्यास आलेले पाहुणे नीळकंठेश्वराचें हेमाडपंती देवालय पाहतात, झणझणीत निलंगा राईस खातात (तो गरम असतांनाच खावा, बांधून नेण्याचा तो पदार्थ नव्हे), आणि ‘येथून नेण्याजोगें काय आहे?’ म्हणत रिकाम्या हातीं परततात. वास्तविक ह्याच तालुक्यांतील बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच ह्या दोहोंस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या नांवाखालीं दुसरीकडचा माल विकूं नये असा त्याचा अर्थ. परंतु कायद्याची नजर प्रत्येक पोत्यापर्यंत पोंचतेच असें नाहीं. म्हणून शक्य तर डाळ व चिंच त्या गांवच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावी. नांवाचें मोल त्याच्या पदरांत पडलें, तरच त्या नांवास अर्थ. चिंच उन्हाळ्याच्या तोंडीं नवी निघते. चिंचोके व शिरा काढून, मीठ लावून बरणींत दाबून भरली म्हणजे वर्षभर पुरते.

डाळीचा आणखी एक गुण गृहिणींच्या ध्यानांत येईल. चार जावांना चार साड्या आणल्या, तर रंगावरून एकीचें तरी मन खट्टू होतें. वरण मात्र सर्वांच्या पानांत एकच वाढलें जातें.

तथापि एक व्यक्ति ह्या हिशेबांत निराळी धरावी. घरांतील बहुतेक मंडळी प्रवासास जातात, तेव्हां देव, दूध आणि म्हातारे सांभाळण्यास कोणी काकू वा आत्या मागें राहते. तिच्यासाठीं खास तिची म्हणून वस्तु आणावी, आणि तीहि जन्मभर टिकणारी. त्यासाठीं बिदरीची लहानशी डबी आम्ही सुचवितों. १९५६ पर्यंत निलंगा तालुका बीदर जिल्ह्यांतच मोडत असे; तेव्हां ही कारागिरी निलंगेकरांस परकी नव्हे. जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओततात, नक्षी कोरून तींत रुप्याची तार ठोकून बसवितात, आणि शेवटीं बीदरच्या किल्ल्यांतील माती नवसागरासह पाण्यांत कालवून त्या द्रावणानें भांड्यास रंग आणतात. जस्ताचें अंग काळेंभोर होतें. रुपें जसेंच्या तसें चमकतें. ह्या कलेस २००६ सालीं मानांकन मिळालें. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

डबी घेतांना नक्षीवरून नख फिरवावें. रुपें कोठें उचललेलें लागल्यास ती परत करावी. घासाघीस अवश्य करावी, पण ती तार बसविण्यास गेलेले तास आठवून. बिदरीच्या भांड्यांत लोणचें किंवा दुसरें आंबट कांहीं ठेवूं नये, कारण आंबट जस्तास खातें. काळेपणा उतरल्यासारखा वाटला, तर खोबरेल तेलाचें बोट फिरवून मऊ फडक्यानें पुसावें. आणि पानचिंचोलीची चिंच घरांत आलीच आहे, म्हणून पितळेच्या समयांबरोबर ही डबीहि कोणी चिंचेनें घासूं लागेल, त्यास आधींच सांगून ठेवावें.