एकाच फाइलचा बाइंड माउंट

अमरावतीत सकाळचे 10 वाजलेले असतात, पण डॉकर कंटेनरच्या नोंदीत वेळ दिसते 4:30. कंटेनर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून चालतो. यावर एक चांगला उपाय आहे: मूळ संगणकातली स्थानिक वेळेची फाइल कंटेनरमधल्या तशाच फाइलवर बाइंड माउंट करायची.

यामागे माउंट नेमस्पेस आहे; ती लिनक्सच्या 2.4.19 आवृत्तीत, 2002 साली आली. तिच्यामुळे प्रत्येक कंटेनरला माउंटची स्वतंत्र यादी मिळते. बाइंड माउंट काहीही कॉपी करत नाही, आहे तीच फाइल दुसऱ्या जागीही दाखवतो. फाइलवर फाइलच बसते, फोल्डरवर फोल्डर. खाली झाकलेली फाइल पुसली जात नाही, माउंट काढला की पुन्हा दिसते.

खरी गोम आयनोडमध्ये, म्हणजे नावामागच्या फाइलच्या अंतर्गत नोंदीत, आहे. वावराला गावात काहीही म्हणोत, सातबाऱ्यावर गट नंबर चालतो. तसा माउंट नावाला नव्हे, आयनोडला बांधलेला असतो. अनेक एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. नाव तेच, आयनोड नवा! कंटेनर मात्र जुनीच फाइल वाचत राहतो आणि शिकणारा तासन्‌तास चूक भलतीकडेच शोधतो. म्हणून वारंवार बदलणाऱ्या फाइलसाठी अख्खा फोल्डर माउंट करावा, नाहीतर कंटेनर पुन्हा सुरू करावा.

ज्या फाइलवर माउंट बसवला आहे, ती त्याच नेमस्पेसमधून पुसता येत नाही. ‘व्यस्त’ असं उत्तर येतं. दुसऱ्या नेमस्पेसमधून मात्र लिनक्सच्या 3.18 आवृत्तीपासून पुसता येते, आणि तिच्यावरचा माउंट आपोआप सुटतो.