एकाच आगीतून: यवतमाळ आणि मॉरिशस

यवतमाळ विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला तेवढ्याच अंशांवर. त्यामुळे इकडे जानेवारीत कापसाच्या शेवटच्या वेचण्या सुरू असतात तेव्हा तिकडे भर उन्हाळा आणि चक्रीवादळांचा हंगाम असतो. शाळेच्या भूगोलात ही दोन ठिकाणं कधी एका धड्यात येत नाहीत. ती यायला हवीत, कारण पुसद-दारव्ह्याच्या रानातला काळा खडक आणि हिंदी महासागरातला हा छोटा देश यांचं मूळ एकच आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजचा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज मॉरिशसशेजारचं रियुनियन बेट आहे त्या भागाजवळ होता. तिथे भूगर्भाच्या खोल थरांतून तप्त खडकाचा एक प्रवाह वर येत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस थरावर थर वाहत राहिला. आज शिल्लक असलेला दख्खनचा बेसॉल्टच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात त्याची पूर्वेकडची कड दिसते. पश्चिमेकडे काळा खडक, तर वणीकडे जावं तसा त्याहून कितीतरी जुना चुनखडक आणि दगडी कोळसा उघडा पडतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या शिबला-पार्डी भागात रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे षटकोनी खांब सापडले, तेव्हा पाहायला गर्दी झाली होती. ते कुणी घडवलेले नाहीत. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, त्याला वरून खाली तडे जातात आणि असे खांब तयार होतात.

भारत पुढे उत्तरेकडे सरकत राहिला, पण खालचा उष्ण प्रवाह जवळजवळ जागेवरच राहिला. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी चालते आणि कापड पुढे सरकतं, तशी समुद्रतळावर टाक्यांची ओळ उमटत गेली. १९८७ साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने समुद्रतळाला छिद्रं पाडून या ओळीतले खडक वर काढले. मालदीवजवळचा खडक सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोस बेटांजवळचा ४ कोटी ९० लाखांचा, आणि मॉरिशसच्या ईशान्येला बुडालेल्या पठाराजवळचा ३ कोटी ३० लाखांचा. मॉरिशसचा सर्वांत जुना खडक ८०-९० लाख वर्षांपलीकडे जात नाही. शेजारचं रियुनियन त्याहूनही लहान, आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. दख्खनचे खडक घडवणारा उष्ण प्रवाह आता त्याच्या पोटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

वयातला हा फरक जमिनीवर स्पष्ट दिसतो. यवतमाळच्या बेसॉल्टला झिजायला कोट्यवधी वर्षं मिळाली, म्हणून इथे ओल धरून ठेवणारी काळी जमीन आहे आणि तिच्यावर कापूस उभा राहतो. मॉरिशसचा मोठा भाग मात्र अगदी कोवळ्या लाव्ह्याचा आहे. तिथले शेवटचे उद्रेक काही दहा हजार वर्षांपूर्वीचे. मधल्या पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. तांबूस मातीतली सत्त्वं तो धुऊन नेतो आणि जागोजागी गोटे उरतात.

उसाच्या फडांमधून जाताना तिथे मधेच काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. काही नुसते रचलेले, काही पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले. ते मजुरांनी हातांनी वेचून काढलेल्या गोट्यांचे आहेत. यवतमाळच्या बरड शेतात धुऱ्यावर लावलेली गोट्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या ढिगांमागचे कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत. ऊस या बेटावर डच लोकांनी १६३९ मध्ये आणला. पुढे ब्रिटिशांच्या अमलात १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि मळ्यांवर राबायला करारबद्ध मजूर आणले गेले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. हा धक्का ‘आप्रवासी घाट’ म्हणून २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला.

त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते, बरेचसे कोकणातले आणि काही सातारा-कोल्हापूरकडचे. बाप-आजाचं नुसतं नाव नोंदवहीत चढलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. ऑनरिएता गावात भिवाजी घराण्याने १८९६ मध्ये गणपती बसवला, तिथपासून या बेटावरचा गणेशोत्सव मोजतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. लोकसंख्येत मराठी माणूस दोन टक्क्यांच्या आसपास, तरी शाळेत मराठीचा तास आहे, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते आणि कोकणातल्या जाखडी नाचाची परंपरा ‘झाकरी’ म्हणून टिकली आहे. घरातलं बोलणं मात्र क्रिओलमध्ये, वर्तमानपत्र बहुतेक फ्रेंच आणि संसदेचं कामकाज इंग्रजीत. एवढ्या भाषांच्या गर्दीत सहा-सात पिढ्या मराठी जपणं फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्राने तिची दखल घ्यावी तेवढी घेतलेली नाही.

मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे सोळांपैकी सव्वादोन तालुक्यांत हे सगळं बेट मावेल. यवतमाळात २०११च्या गणनेनुसार चौरस किलोमीटरमागे २०४ माणसं होती, तिथे सहाशेहून जास्त आहेत. तरीही गर्दी आता वाढत नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये या बेटाच्या वाढत्या लोकसंख्येबद्दल गंभीर इशारा दिला होता. प्रत्यक्षात मुली शिकल्या, कापड कारखान्यांत कामाला लागल्या आणि कुटुंबं लहान झाली. २०११ ते २०२२ या दोन गणनांमध्ये लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपासच थबकलेली दिसते. आता चिंता आहे ती म्हाताऱ्यांच्या वाढत्या संख्येची.

माणसं कुठे राहतात, यामागेही इतिहास आहे. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने पोर्ट लुईत हजारो बळी घेतले आणि ज्यांना जमलं ते थंड, उंच पठारावर राहायला गेले. क्युरपीप, वाकोआ, रोझ हिल ही गावं त्यातून वाढली. आजही रोज सकाळी पठारावरून खाली राजधानीकडे कामाला जाणाऱ्यांची रीघ लागते. २०२० पासून त्यांच्यासाठी भारताच्या मदतीने बांधलेली मेट्रो धावते. उतरल्यावर रस्त्याकडेच्या गाडीवर कागदात गुंडाळलेली डाळपुरी, सोबत टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. डाळीचे मिरची घातलेले छोटे वडेही असतात, आणि ते लोक पावात घालून खातात.

पाऊस एवढा पडूनही पाण्याची ओढाताण होतेच. कोवळ्या लाव्ह्यात पोकळ्या आणि भेगा भरपूर, त्यामुळे पाणी जमिनीत उतरतं आणि उरलेलं आखूड नद्यांतून लगेच समुद्राला मिळतं. पिण्याच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा म्हणूनच विंधन विहिरींतून येतो. त्यात दरवर्षी उन्हाळ्यात वादळांची धास्ती. १९६०च्या कॅरोल वादळाने हजारो घरं भुईसपाट केली, तेव्हापासून लोक सिमेंट-काँक्रीटची, सपाट छपरांची घरं बांधू लागले. इशारा वरच्या टप्प्याचा आला की शाळा, कचेऱ्या, बस सगळं बंद होतं आणि दारं-खिडक्या फळ्यांनी पक्क्या केल्या जातात.

बेटाभोवती प्रवाळाचं जवळपास अखंड कडं आहे. लाटा तिथेच फुटतात आणि आतलं शांत, उथळ पाणी कोळ्यांच्या पोटापाण्याचं. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर याच कड्यावर चढलं आणि पुढे हजार टनांच्या आसपास तेल समुद्रात सांडलं. सरकारी यंत्रणा पोचेपर्यंत थांबायला लोक तयार नव्हते. त्यांनी फडांतून उसाचं वाळलेलं पाचट आणलं, ते कापडाच्या लांब नळ्यांत ठासून भरलं, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि हे तराफे होड्यांनी ओढत नेऊन तेलाच्या वाटेत आडवे टाकले. शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत हजारो हात त्या शिवणकामाला लागले. काही तेल त्या पाचटाने शोषून घेतलं. जे निसटलं ते खारफुटीच्या मुळांना जाऊन चिकटलं, आणि त्या पाण्यातली मासेमारी कित्येक महिने बंद राहिली.