ब्राउनिंग गेलं, ग्लॉक आलं

२०१३ साली ब्रिटिश सैन्याने जुनं ब्राउनिंग हाय-पॉवर सोडून ग्लॉक १७ स्वीकारलं. दोन्ही पिस्तुलं पूर्ण आकाराची, दोन्हींत ९ मि.मी.च्याच गोळ्या. ब्राउनिंगच्या मॅगझिनमध्ये १३ मावतात, ग्लॉकच्या १७. पण माझ्या मते खरा फरक पिस्तूल कमरेवरून हातात येतानाचा आहे.

१९३५च्या ब्राउनिंगचा चाप फक्त घोडा सोडतो. तो आधी मागे ओढलेला लागतो. त्यामुळे भरलेलं पिस्तूल तयार ठेवायचं, तर घोडा ताणून सेफ्टीचा खटका लावावा लागतो आणि ऐन वेळी अंगठ्याने तो काढायची आठवण हवी. घाबरलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा फार झाली. ग्लॉकला बाहेरून घोडा नाही, अंगठ्याचा खटकाही नाही. सुरक्षेची यंत्रणा चापातच आणि आत बसवलेली. चाप ओढला की गोळी सुटते. शिवाय सांगाडा पॉलिमरचा, त्यामुळे दिवसभर कमरेला वजन कमी.



ग्लॉकचा हा सोपेपणा मात्र शिस्त मागतो: चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर.